कस्तुरीचा फोटो

अक्षतानं फोन पुढं केला आणि तिचा नवरा संग्राम खो-खो हसत सुटला. फोटोत गल्ली होती, घराचं दार होतं, दारातली रांगोळी होती. मधोमध मात्र डांबर सांडल्यासारखा काळा फराटा. ती कस्तुरी होती, घरची म्हैस, गल्लीतून सरावाला पळालेली. सकाळपासून काढलेल्या प्रत्येक फोटोत तिचा असाच फराटा झाला होता.

पाडवा उद्यावर आला होता. कोल्हापुरात दिवाळीचा पाडवा म्हणजे म्हशींचा मान. वर्षभर जिनं दूध दिलं तिला न्हाऊमाखू घालायचं, शिंगं रंगवायची, मोरपिसांचा तुरा बांधायचा आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलमागं वाजतगाजत पळवायचं. बाहेरच्याला हे खूळ वाटेल. वाटू दे. उपकार फेडायची ही इथली रीत आहे.

अक्षताच्या सासऱ्यांचा, बाळासो आबांचा, कस्तुरीबरोबरचा हा शेवटचा पाडवा होता. आषाढात आबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीच्या आधारानं हळूहळू सावरला, उजवा हात मात्र खांद्यापासून लोंबतच राहिला. एकदा आपण होऊन हलला की पुढं व्यायामानं आणता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आबांनी दसऱ्यापर्यंत वाट बघितली आणि व्यायाम सोडून दिला. धार काढायला हात नाही, तर म्हशी ठेवायच्या कशाला? संग्राम शिरोलीच्या फाउंड्रीत पाळीला जायचा, त्याच्याकडून गोठा होत नव्हता. बाकीच्या म्हशी गेल्याच होत्या. भाऊबीज झाली की मुरगूडचा व्यापारी कस्तुरीलाही न्यायला येणार होता. आबांनी सुनेकडं एकच मागितलं होतं, "पळतानाचा एक फोटो दे मला. थांबलेली म्हैस काय, कुणाची बी असती."

हे मागणं अक्षता वाऱ्यावर सोडणार नव्हती. आजऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा राहिली होती. भावकीनं तोंडं वाकडी केली. आबांनी दुधाच्या किटल्या उतरवून ठेवल्या आणि दूध घालायच्या मोटारसायकलवरून तिला रोज पेपराला नेलं. परत आणताना पेपर कसा गेला, हे एकदाही विचारलं नाही. त्याबद्दल सासऱ्यांना आभाराचे दोन शब्द बोलावेत असं तिला कितीदा वाटलं होतं, पण ते राहूनच गेलं.

ती हट्टाला पेटली. फोनचा आपोआप चालणारा कॅमेरा बंद करून तिनं प्रो मोड उघडला. पळती म्हैस दर वेळी कुठून आणायची, म्हणून सोप्यातला पंखा सोडला आणि खाली आडवी झाली. शटर स्पीड वाढवत गेली तशी पाती दिसायला लागली. सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेलं आणि पंखा वीज गेल्यासारखा फोटोत उभा राहिला. पण फोटो काळाकुट्ट. मग आयएसओ चढवला, तेव्हा उजेड आला. आणखी एक खोड कळायला अख्खी दुपार गेली. म्हैस जवळ आली की फोन फोकस शोधत बसतो आणि तोवर ती पुढं निघून जाते. त्यावर तिनं तोड काढली. म्हैस जिथं येणार ती जागा आधीच धरायची आणि फोकस तिथं बांधून टाकायचा. आणि कस्तुरी कुठं येणार हे सांगायला जोतिषी नको होता. आबा असतील तिथं.

पाडव्याला आबांची खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडली. अक्षता रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली आणि तिनं फोकस त्या खुर्चीवर बांधला. मोटारसायकल फडफडवत संग्राम कोपऱ्यावरून सुटला आणि मागं तुरा नाचवत कस्तुरी. आबांनी हाळी घातली. आवाज फाटला होता, पण म्हशीला तेवढा पुरला. संग्रामला सोडून ती थेट खुर्चीकडं उधळली. लोक ओरडत मागं सरले. सगळ्यांचे डोळे म्हशीवर होते. अक्षतानं श्वास धरला आणि बटण दाबलं. एवढं मोठं धूड आबांच्या गुडघ्यापाशी येऊन थांबलं आणि त्यांना हुंगायला लागलं.

गर्दी पांगल्यावर फोटो उघडला. कस्तुरीचे चारी पाय जमिनीच्या वर, मोरपिसाचा केस न् केस वेगळा, नाकपुडीवरचा घामही दिसत होता. आबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

"लई उपकार झालं, पोरी," ते म्हणाले. "आता गेली तरी माझ्याजवळ हाय."

अक्षताला भरून आलं. ते दिसू नये म्हणून तिनं फोन घेतला आणि फोटो मोठा करून बघायला लागली. शिंगं बघितली, तुरा बघितला. मागं खुर्चीत आबाही तितकेच लख्ख आले होते. फोकसच तिथं होता. हाळीसाठी तोंड उघडलेलं, आणि एक हात खांद्याच्या वर गेलेला, बोटं पसरलेली. म्हशीला बोलावताना इतकी वर्षं जायचा तसाच.

तिनं फोन पुन्हा त्यांच्यासमोर धरला. बोट त्या हातावर ठेवलं.

आबांनी फोटो बघितला. मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडं बघितलं. आशेला पुन्हा घरात घ्यायची त्यांची छाती होत नव्हती.

"डावा असंल त्यो," ते म्हणाले.

"आबा, डाव्या हातात काठी हाय."