विसाव्या मिनिटाला

विसाव्या मिनिटाला ओब्रेनचा कॉम्प्युटर पुन्हा मेला. त्याचा रणगाडा टेकडीवर पोचला होता, तोफ शत्रूवर रोखलेली होती, आणि स्क्रीन एकदम काळी. त्यानं हेडफोन काढून टेबलावर आपटले. सोमवारपासूनची ही चौथी वेळ होती आणि सामना शनिवारी होता.

सामना मावसभावाशी. लुबिशा चाचाक गावात राहायचा. त्याच्याकडे व्हिएन्नाहून आणलेलं तयार मशीन होतं, महागडं, आतून सात रंगांत उजळणारं. ओब्रेननं आपलं मशीन वाल्येवो गावातल्या घरात स्वतःच्या हातांनी जोडलं होतं. पेटी एका बंद पडलेल्या दवाखान्यातली, ग्राफिक्स कार्ड बस स्टँडमागच्या एका माणसाकडून घेतलेलं जुनं, पंखे तीन आणि तिन्ही वेगवेगळ्या जातींचे. हरेल त्यानं यंदा दोन्ही घरांच्या आयवारसाठी, म्हणजे हिवाळ्यासाठी भरून ठेवायच्या चटणीसाठी, पोतंभर लाल मिरच्या एकट्यानं भाजायच्या आणि सोलायच्या, असं ठरलं होतं.

मिरच्यांचं त्याला फारसं काही नव्हतं. पण तो कामाला होता तो फर्निचरचा कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली होती, आणि ओब्रेनच्या हातून काहीच तडीला जात नाही, असं सगळे नातेवाईक तोंडावर म्हणू लागले होते. हे एक मशीन तडीला गेलं होतं. ते भर सामन्यात बंद पडलं असतं, तर त्याला ईस्टरला काय आणि नाताळाला काय, कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

"तुझ्या डब्यावरच मिरच्या भाज," लुबिशा फोनवर म्हणाला होता. "लाकडं तरी वाचतील."

ओब्रेननं मशीन उघडलं, पुसलं, वायर बदलली. बस स्टँडमागच्या माणसाशी तो कडाकडा भांडला. त्या माणसानं तीन मुलांची शपथ घेतली. गुरुवारी ओब्रेननं मशीन उचलून खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे नेलं. तिथे ते चार तास ठणठणीत चाललं. घरी आणलं, आणि विसाव्या मिनिटाला मेलं. मग त्यानं इमारतीच्या विजेला शिव्या दिल्या, आणि त्यानंतर नशिबाला.

त्याची आई स्तामेना हे सगळं कॉफी ढवळत ऐकायची. तिला त्या मशीनमधली एकच गोष्ट कळली होती, की त्यातून वारा येतो. टेबल अरुंद असल्यामुळे पेटी बाजूच्या स्टुलावर होती, आणि वायरी पुरेनात म्हणून तिची पाठ ओब्रेनकडे फिरवलेली. पंख्यांचा झोत नेमका त्याच्या कमरेवर. आणि वाऱ्याचा झोत म्हणजे स्तामेनाच्या लेखी साक्षात मरण. तिच्या घरात दोन खिडक्या एका वेळी कधी उघडल्या नव्हत्या. तिचा चुलता वाऱ्याच्या झोतानंच गेला होता, एक्क्याण्णवाव्या वर्षी.

शुक्रवारी दुपारी मशीन सहाव्यांदा मेलं. पण या वेळी ओब्रेननं आदळआपट केली नाही, नुसता काळ्या स्क्रीनकडे बघत बसला. त्या काळ्या काचेत त्याला आई दिसली. ती वाकून स्टुलावरच्या पेटीभोवतीचा जाडजूड टॉवेल हलक्या हातानं सोडवत होती. मग तिनं त्याची नीट घडी केली आणि काखेत घेतली.

"आई, हे रोजचं आहे?"

"तू खेळात असलास की तुला शुद्ध असते का?" स्तामेना म्हणाली. "वारा सरळ मूत्रपिंडावर येतोय तुझ्या. टॉवेल लावला की जरा वेळानं ते आपोआप निजतं बिचारं."

ओब्रेनला हसावं की रडावं कळेना. त्यानं तासभर समजावलं, की वारा नसेल तर मशीन तापतं आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं. शेवटी तह झाला. त्यानं कमरेला लोकरीचा पट्टा बांधायचा, आणि तिनं घरच्या संताच्या तसबिरीसमोर शपथ घ्यायची, की त्याच्या मशीनला बोट लावणार नाही.

शनिवारी पाच वाजता सामना सुरू झाला. स्तामेना भिंतीजवळ खुर्ची टाकून हात मांडीवर ठेवून बसली. पट्टा टोचत होता, ओब्रेन घामाघूम झाला होता आणि सपाटून हरत होता. लुबिशा त्याला नदीकाठी कोंडून एकेक गोळा मोजून मारत होता. विसावं मिनिट आलं. ओब्रेननं श्वास रोखला. मशीन चालू राहिलं. आणि पलीकडे लुबिशाचा रणगाडा मैदानाच्या मधोमध जागच्या जागी थिजला. ओब्रेननं सहा गोळे घातले. स्क्रीनवर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत झळकलं आणि त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

दोनच मिनिटांत लुबिशाचा फोन. नवंकोरं मशीन आपोआप बंद पडलं, असं होऊच कसं शकतं, असं तो ओरडत होता.

"विकतच्या वस्तूचा काय भरवसा, लुबिशा," ओब्रेन पाय ताणत म्हणाला. "स्वतःच्या हातांनी जोडलं की असं होत नाही. मिरच्या सोमवारी पाठवतो." त्यानं फोन ठेवला आणि आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. इतकं काही तडीला गेल्यासारखं त्याला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

"बघ, तुझ्या मशीनला बोट लावलं नाही मी," स्तामेना समाधानानं म्हणाली. "पण तुला निदान पट्टा तरी आहे. ते लेकरू तिकडे उघड्या कमरेनं बसतं, म्हणून त्याच्या आईला, रोसांदाला, फोन केला सकाळी. तिनं दोन टॉवेल लावलेत. त्याचं मशीन मोठं आहे ना."