डावा चॅनल

युरोपातल्या जुन्या ॲनालॉग टीव्हीला डिजिटल स्टिरिओ आवाज देणारी यंत्रं बनवण्यात त्र्यंबककाकांची अख्खी नोकरी गेली. त्यामुळे रिटायर होऊन अमेरिकेत एडिसन गावातल्या घरी सोफ्यावर बसले, तरी डावा-उजवा आवाज तोलायची खोड काही गेली नाही. चार वर्षांत त्यांनी तीन टीव्ही आणि पाच साउंडबार परत केले. तक्रार एकच, "लेफ्ट चॅनल वीक आहे. हल्लीच्या पोरांना स्टिरिओ कशाशी खातात तेच माहीत नाही!"

सहावा साउंडबार परत घ्यायला दुकानाचा मॅनेजर तयार होईना. तेव्हा आपले कान ठणठणीत असल्याचं लेखी आणून त्याच्या तोंडावर मारायचं, म्हणून काका तावातावाने स्वतः गाडी चालवत डॉक्टरकडे निघाले. शेजारी, उजवीकडच्या सीटवर बसलेल्या मालिनीकाकू वाटभर बोलत होत्या. घरी सोफ्यावर शेजारी बसून अवाक्षर न काढणाऱ्या या बाईला गाडीतच कशी वाचा फुटते, हे काकांना कधी कळलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की उजवा कान उत्तम आहे. डावा मात्र निदान दहा वर्षांपूर्वीच कामातून गेलाय.

काकांनी रिपोर्ट घडी करून खिशात घातला. मग हळूच काकूंकडे वळले.

"अगं, सोफ्यावर तू कायम माझ्या डावीकडे बसतेस. इतक्या वर्षांत एकदाही काही बोलली नाहीस?"



"रोज बोलत होते."