उलटं आलेलं डिझेल

कासुर्डीजवळ कीर्तनकार महाराजांची जुनी डिझेल जीप आचके देत बंद पडली. "टाकीत कचरा बसलाय," म्हातारे टाळकरी मारुतराव म्हणाले. जीपची दुखणी त्यांना पाठ होती, कीर्तनात पहिली चाल गाण्याचा मानही त्यांचाच असे; यंदा तो दौंडच्या तरण्या गायकाकडं, माऊलीकडं गेला. त्यांनी डिझेलचा पाइप सोडवून, अडकलेला कचरा मागं ढकलायला टाकीकडं फुंकर मारली. दम पुरला नाही. "आबा, द्या इकडं!" माऊलीनं एका श्वासात फुंकलं आणि टाकी गुडगुडली. "काय छाती हाय! आणखी फुंक!" महाराज हरखले. ते कौतुक ऐकून मारुतराव बाजूला सरकले. फुंकून लगेच तोंड काढलं नाही तर डिझेल उलटं घशात येतं, हे ठाऊक असून ते गप्प राहिले. दुसऱ्या फुंकरीला माऊली ठसकत खाली बसला. संध्याकाळी कीर्तनात पहिली चाल मारुतरावांनी धरली. माऊली घोगऱ्या आवाजात पुटपुटला, "बरं झालं आबा, तुमच्या घशात न्हाई गेलं."