ड्यूककडे पाठवलेलं चित्र

"गालांना पांढरा लेप अजून लाव," ओर्तेन्सियाची आई म्हणाली, "आणि गळ्याची ती झालर हनुवटीपर्यंत चढव." इटलीतल्या मांतुआच्या या सरदारकन्येचं चित्र दूरच्या एका ड्यूककडे जाणार होतं. ते पसंत पडलं तरच लग्न ठरणार होतं. पण लहानपणी आलेल्या देवीचे व्रण तिच्या गालांवरून थेट मानेपर्यंत उतरले होते.

आई खोलीबाहेर पडताच ओर्तेन्सियाने झालर सोडून बाजूला ठेवली आणि ओल्या रुमालाने सगळा लेप पुसून काढला. "हं, आता काढा," ती चित्रकाराला म्हणाली.

म्हाताऱ्या बाल्दोचा कुंचला हवेतच थांबला. "बाईसाहेब, ड्यूकनी तोंड फिरवलं तर?"

"आत्ता फिरवलं तर चित्रापुढे फिरवतील. लग्नानंतर फिरवलं, तर ते मला रोज बघावं लागेल." ती ताठ बसली. "एकही व्रण सोडू नका."

आईने चित्र पाहिलं ते ड्यूकच्या दूतासमोरच, त्यामुळे तिला ओठ आवळून गप्प बसावं लागलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, तेही चित्रच होतं. चाळिशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला एक माणूस त्यातून सरळ तिच्याकडे पाहत होता. सोबत चिठ्ठी होती: 'आमच्या चित्रकाराने मला भरघोस केस दिले होते. तुमचं चित्र पाहिलं आणि ते खोडायला लावले.'

ओर्तेन्सिया खळखळून हसली. "आई," ती म्हणाली, "यांना होकार कळव."