मुक्या सालदाराचा रॅप

अहिराणी वेबमालिकेत मुक्या सालदार गड्याचं काम करून योगराज अख्ख्या खानदेशात गाजला, आणि तिथेच फसला. बाजारात जो भेटेल तो त्याच्याशी हातवारे करूनच बोलायचा. शेवटी वैतागून त्याने स्वतःचा रॅप अल्बम काढला. सगळी गाणी रागाची, श्वास घ्यायलाही जागा नाही.

अमळनेरच्या कार्यक्रमात त्याने पहिलं गाणं सुरू केलं मात्र, पुढच्या रांगेतल्या लताबाई धाय मोकलून रडायला लागल्या.

"देवीमायनी याले वाचा दिधी रे! मी नवस करेल व्हता!"

योगराज माइकवरूनच ओरडला, "अक्का, मी मुका नव्हतूच! ती ॲक्टिंग व्हती!"

"दखा, कितलं साफ बोलस!" म्हणत लताबाईंनी बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

नवस फेडायचा तर ज्याच्यासाठी बोलला तो माणूस देवीपुढे हवाच. लोकांनी योगराजला खांद्यावर घेतलं आणि थेट देवळात नेऊन उभं केलं. लताबाईंनी नारळ फोडला आणि म्हणाल्या, "आते बोल भाऊ, मायले आयकू दे."

योगराजही इरेला पेटला. त्याने देवीसमोर अख्खा अल्बम म्हणून दाखवला. पुजारीबुवा घंटा वाजवायची विसरले.

तो धापा टाकत थांबला, तेव्हा लताबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पिशवीतून दुसरा नारळ काढून देवीपुढे ठेवला आणि हळूच पुटपुटल्या,

"माय, बठ्ठी वाचा एकदमच कसाले दिधी वं? निम्मी परत लई ले."