मोठ्या घशाचा कार्बोरेटर

चाचणीसाठी खालचा पंखा पिंपाच्या पाण्यात बुडवलेलं इंजिन धुराचा लोट सोडून बंद पडलं. ओतुओमा मिस्त्रीने बारीक घशाचा कार्बोरेटर उतरवून फडक्यावर ठेवला. शेजारी दुसरा पडला होता, मोठ्या घशाचा. होडीचं इंजिन सगळं नव्याने बांधून झालं होतं. दोन्हींतला कुठला बसवायचा, एवढंच राहिलं होतं.

ठरवायचं होतं आदोयोने. वाळवलेली ओमेना मासळी विकून इंजिन तिनेच उभं केलं होतं, आणि रोज सकाळी टाकीत पेट्रोलही तीच मापून ओतायची. तिचं माहेर सेमे भागातलं, म्हणून सगळा किनारा तिला 'न्यार सेमे' म्हणायचा, म्हणजे सेमेची लेक. सरोवराकाठी बाईला हाक मारतात ती माहेरच्या गावाच्या नावानेच.

तिचा नवरा ओबुरा पलीकडे वाळूत होडीवर नाव रंगवत होता. 'न्यार' एवढं झालं होतं.

"मोठाच बसव रे मिस्त्री," तो तिथूनच म्हणाला. "सगळ्यांच्या आधी किनाऱ्याला लागू. न्यार सेमेला सांग, बाईचं मन मोठं असावं."

"मन मोठंच आहे. टाकी लहान आहे," आदोयो म्हणाली.

मिस्त्री हसला. त्याचं मतही लहानाकडेच होतं. जाळी टाकायची ती इथेच खाडीत, तिथे एवढा जोर काय करायचा? मोठा कार्बोरेटर मयताला आलेल्या पाहुण्यांसारखा पितो, असं त्याने तिला समजावलं. तिने मान डोलावली. लहानच बसणार, हे ठरल्यातच जमा होतं.

तेवढ्यात तिची नजर होडीकडे गेली आणि तिथेच राहिली. मिस्त्रीनेही वळून पाहिलं. ओबुराचा ब्रश पुढे सरकला होता. पण 'सेमे' नव्हतं. ओल्या निळ्या अक्षरांत होतं, 'न्यार अंगोये'.

अंगोये म्हणजे समोरचं बेट.

कुणी विचारलं नव्हतं, तरी ओबुरा सांगू लागला की होडीच्या फळ्या अंगोयेच्या लाकडाच्या, म्हणून हे नाव. त्या फळ्या होमा बे शहराहून आलेल्या ट्रकमधून मिस्त्रीने स्वतः उतरवून घेतल्या होत्या. तो खाली मान घालून प्लग पुसत राहिला.

आदोयोने एवढंच विचारलं, की अंगोयेला जाऊन माघारी यायचं तर लहान कार्बोरेटरला किती लागेल? एक टाकी, आरामात, मिस्त्री म्हणाला. आणि मोठ्याला? त्याने मनाशी हिशेब केला. सगळी टाकी जातानाच संपेल. बेटावर तर पेट्रोल मिळतही नाही.

"मोठा बसव," ती म्हणाली.

ओबुराने ब्रश हवेत नाचवला आणि शीळ घातली. मिस्त्रीला मात्र उलगडा होईना. माशाचं डोकंसुद्धा वाया न घालवणारी ही बाई. नवऱ्याच्या हट्टापुढे नमणारी तर मुळीच नव्हे. तिचं मन बदलेल म्हणून तो एकेक बोल्ट सावकाश आवळत गेला. ती शेवटचा बोल्ट बसेपर्यंत जागची हलली नाही. मग इंजिन असं गरजलं, की पिंपातलं पाणी दोघांच्या पायांवर सांडलं.

ओबुरा टाकी आणायला धावला. आदोयो होडीपाशी गेली आणि तळातली वल्ही उचलून उलटसुलट बघू लागली.

"धड आहेत ना ही, मिस्त्री?"

"धड आहेत. पण न्यार सेमे, एवढं इंजिन असताना वल्ही कशाला?"

"लहानाने तो अंगोयेला गुपचूप जाईल आणि गुपचूप येईल. याने जाताना गर्जत जाईल आणि येताना वल्हवत येईल, सगळ्या किनाऱ्यादेखत." तिने निळ्या रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि डबा मिस्त्रीच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे ठेव. ते नाव बदलायला हा मागत तो आपल्या पायाने येईल."