पहाटेची ठोकठोक

टक. टक. मग भिंतीत कुणी हातोडी घेऊन बसल्यासारखं ठोक, ठोक, ठोक. पहाटे बॉयलर सुरू झाला की आयर्लंडमधल्या मेनूथच्या त्या घरातले, खोल्या तापवणारे नवेकोरे रेडिएटर एकेक करून तोंड उघडायचे. रेवती पोट सावरत उठून बसली आणि पलीकडच्या खोलीचा कानोसा घेऊ लागली. तिकडे काही हालचाल नव्हती.

"जागी असणार ती. बोलत नाही, एवढंच," ती नवऱ्याला म्हणाली.

"झोप गं," सारंग पांघरुणातूनच म्हणाला. "तो प्लंबर डर्मट म्हणाला ना, पाइप नवे आहेत, बसतील हळूहळू. त्याच्या भाषेत, 'ग्रँड' होईल सगळं."

"डर्मटच्या उशाशी नाहीये तो रेडिएटर. आईच्या उशाशी आहे."

आई येणार, तिला इथली थंडी सोसायची नाही, म्हणून तर दोघांनी जुना बॉयलर काढून सगळं हीटिंग नवं करून घेतलं होतं. आणि आता तेच अंगाशी आलं होतं. रेवतीचे दिवस भरत आले होते. सारंगला पुढच्या आठवड्यापासून कामासाठी वॉटरफोर्डला जाऊन राहावं लागणार होतं. इथे ना सासर ना माहेर. आई कराडहून निघतानाच म्हणाली होती, "रात्री बाळ माझ्याजवळ. तू बिनघोर झोपायचं." त्या एका वाक्याच्या भरवशावर रेवतीने धीर धरला होता.

पण आईचं आणि गोंगाटाचं मुळीच जमायचं नाही. काही वर्षांपूर्वी ती दादाकडे बंगळूरला गेली, तर शेजारच्या बांधकामाला कंटाळून आठवड्यातच बॅग भरून परत आली होती. दादाने विनवण्या केल्या, तरी थांबली नाही.

इथे आल्यावर पहिल्या सकाळी रेवतीने ओशाळून विचारलं होतं, "आवाजाने झोप मोडली ना गं?"

"कसला आवाज? छान झोप लागली मला."

"आई, उगाच माझं मन राखू नकोस. सगळं घर दणाणत होतं. खरं सांग, त्रास झाला ना?"

आई क्षणभर तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "झाला थोडा. तुला कशाला सांगायचं, म्हणून बोलले नाही."

त्यानंतर मात्र आई रोज सकाळी आपणहून सांगायची. आज फार होता, आज जरा कमी होता. कधी येता-जाता रेडिएटरवर तळहात टेकवून उभी राहायची, हात शेकून घ्यायची आणि मान हलवून म्हणायची, "सुरू झाली बघ याची ठोकठोक."

शिवाय आई घुमी झाली होती. रेवतीने किचनमधून हाक मारली, तर खिडकीपाशी बसलेली आई ओ द्यायची नाही. पुन्हा हाक मारली तरी नाही. समोर जाऊन उभं राहिलं, की लगेच हसून "काय गं?" मोबाइलवरच्या मालिकासुद्धा ती आवाज बंद करून बघायची. "तुझी दुपारची झोप मोडायला नको," म्हणायची. रेवतीला वाटायचं, बिचारीचं डोकंच इतकं उठलंय, की आणखी आवाज नको झालाय.

संध्याकाळी चारलाच अंधारून यायचं. अशा वेळी रेवती शेजारी बसून काही बोलू लागली, की आई तिला थांबवायची. "आधी दिवा लाव बाई. अंधारात काय बोलायचं?"

एके दिवशी आईने कपाटातून बॅग काढली, तेव्हा रेवतीचा धीर सुटला. आईने बॅगेतून फक्त दुपट्यांची पुरचुंडी काढली, बॅग पुन्हा ठेवून दिली. पण रेवतीने बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं आणि डर्मटला फोन लावला. आजच्या आज या, म्हणाली.

सारंग आईला घेऊन डिंक-खोबरं आणायला डब्लिनला गेला, तेवढ्यात डर्मट आला. त्याने लाकडी जमिनीच्या दोन फळ्या उचलल्या, पाइप जिथे लाकडाला घासत होते तिथे फेल्टच्या मऊ पट्ट्या घातल्या, रेडिएटरमधली हवा काढली, पंपाचा जोर कमी केला. निघताना हीटिंग चालू करून दाखवलं. घर गरम होत गेलं आणि टक नाही की टुक नाही.

आईला काही सांगायचं नाही, असं रेवतीने सारंगला बजावलं. सकाळी तिचं तिलाच कळू दे. तिच्या तोंडून ऐकायचंय मला.

पहाटे बॉयलर सुरू झाला. रेवती जागीच होती. सारंगचा श्वास ऐकू येत होता, बाहेर कुठेतरी कावळा ओरडला तोही ऐकू आला. रेडिएटर मात्र चिडीचूप. तिचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी तिला इतकं हलकं वाटलं. आता आई राहील. आता बाळ खुशाल येऊ दे.

ती खाली आली. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून चहा करत होती.

"आई."

आई चहा ढवळत राहिली. रेवती पुढे जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली, तेव्हा आईने दचकून वर पाहिलं आणि हसली.

"काय मग," रेवती हसू दाबत म्हणाली, "आज कशी काय झोप लागली?"

आईने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"कुठली झोप! आज तर रोजच्यापेक्षा जास्त ठोकठोक. पहाटेपासून टक्क जागी आहे मी." मग रेवतीचा चेहरा उतरलेला पाहून आईने तिच्या पोटावर हळूच हात ठेवला. "पण तू कशाला काळजी करतेस? माझी झोप सावध आहे. बाळ नुसतं कुरकुरलं ना, तरी ऐकू येईल मला."